उच्चदाब वाहिनीजवळ घर किंवा प्लॉट घेण्यापूर्वी

एकाच लेआउटमधला शेवटच्या रांगेतला प्लॉट बाकीच्यांपेक्षा गुंठ्यामागे लाख-दीड लाखाने स्वस्त निघाला, तर त्याचे कारण बहुधा सातबाऱ्यावर सापडत नाही. ते मान वर केल्यावर दिसते. पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर या शहरांच्या कडेची वस्ती गेल्या दोन-तीन दशकांत अशा भागांत पसरली आहे, जिथे तारा आधी आल्या आणि घरे नंतर. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि तेव्हापासून घाटाखालून मुंबईकडे वीज वाहते आहे. तिच्या वाटेवरची भातशेते आता पनवेल, कल्याण, डोंबिवलीच्या इमारतींनी भरली आहेत. अशा ठिकाणी घर घेऊ नये असे माझे मत नाही, पण डोळे मिटून घेऊ नये असे निश्चित आहे.

जागा पाहायला आलेला जवळजवळ प्रत्येकजण पहिला प्रश्न आरोग्याचा विचारतो. तो विचारावाच, परंतु माझ्या अनुभवात व्यवहार फसतो तो दुसऱ्याच दोन ठिकाणी: विकत घेतलेल्या जागेपैकी प्रत्यक्ष वापरता येणारी जागा किती, आणि त्याबद्दल कागद काय म्हणतो. म्हणून या लेखातला क्रमही तसाच ठेवला आहे.

वाहिनी किती दाबाची आहे हे ओळखणे

बोलताना आपण सगळ्याच तारांना ‘हायटेन्शन’ म्हणतो, आणि एजंटही तेच म्हणतो किंवा, सोयीचे असेल तेव्हा, ‘साधी लाइन आहे’ म्हणून मोकळा होतो. खांबांवरून जाणाऱ्या ११, २२ आणि ३३ केव्हीच्या (केव्ही म्हणजे किलोव्होल्ट, हजार व्होल्ट) वाहिन्या बहुतांश महाराष्ट्रात महावितरणच्या असतात. लोखंडी जाळीच्या मनोऱ्यांवरून जाणाऱ्या १०० किंवा ११० पासून १३२, २२०, ४०० आणि ७६५ केव्हीपर्यंतच्या अतिउच्चदाब वाहिन्या मुख्यतः राज्याच्या महापारेषण किंवा केंद्राच्या पॉवरग्रिड या पारेषण कंपन्यांच्या, आणि मुंबई परिसरात टाटा पॉवर व अदानी यांच्याही असतात. कोणाची वाहिनी हे कळले नाही तर पुढचा पत्रव्यवहार कोणाशी करायचा हेच कळत नाही, त्यामुळे सुरुवात इथून करावी.

सर्वांत सोपा मार्ग मनोऱ्यावरच्या पाट्यांचा. धोक्याच्या पाटीवर दाब लिहिलेला असतो, आणि तिच्याजवळ बहुधा वाहिनीचे नाव, म्हणजे कोणत्या उपकेंद्रापासून कोणत्या उपकेंद्रापर्यंत, आणि मनोऱ्याचा क्रमांक असतो. जागेच्या दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांचे क्रमांक लिहून घ्यावेत, दुरून फोटो काढावेत. मनोऱ्याच्या पायाशी जाण्याची किंवा त्याला हात लावण्याची काही गरज नाही. पाटी गंजली असेल किंवा भंगारवाल्याने नेली असेल, तर तार ज्या वाट्यांच्या माळेला टांगलेली असते त्या वाट्या मोजाव्यात. चिनी मातीच्या किंवा काचेच्या या वाट्या १३२ केव्हीला साधारण नऊ-दहा, २२० केव्हीला तेरा ते पंधरा आणि ४०० केव्हीला बावीस-तेवीसच्या आसपास असतात. मोबाइलच्या झूमने फोटो काढून घरी बसून मोजल्या तरी चालते. नव्या वाहिन्यांवर मात्र राखाडी किंवा तांबूस रंगाचे, बारीक चकत्यांचे पॉलिमरचे इन्सुलेटर असतात. त्यांच्या चकत्या मोजून हे गणित जमत नाही. तिथे दुसरी खूण पाहावी: एकाच ठिकाणी एक तार न दिसता दोन किंवा चार तारा थोड्या थोड्या अंतरावर, मध्ये आडकाठ्या लावून, जोडीने जाताना दिसल्या तर ती बहुधा ४०० केव्ही किंवा त्यावरची वाहिनी असते.

याच वेळी आणखी एक गोष्ट पाहावी, जी मी स्वतः पहिल्या वेळी पाहिली नव्हती. मनोऱ्याला दोन्ही बाजूंना हात आहेत, पण तारा एकाच बाजूला ओढल्या आहेत, असे दिसले तर ती दुहेरी परिपथाची वाहिनी अर्धीच वापरात आहे असे समजावे. रिकामे हात तुमच्या प्लॉटच्या बाजूला असतील, तर उद्या तारा त्याच बाजूने ओढल्या जाणार आहेत, आणि त्यासाठी कोणी तुम्हाला विचारायला येणार नाही.

अंतर मोजणे, आणि कोणते अंतर मोजायचे हे समजणे

इमारत आणि तारा यांच्यातील किमान अंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत दिलेले आहे; हे विनियम २०१० चे होते आणि त्यांची जागा आता २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही, म्हणजे २०२० साली मंजूर झालेल्या यूडीसीपीआरमध्येही, विद्युत वाहिनीपासून अंतर राखल्याशिवाय कोणतेही बांधकाम करू देऊ नये असे म्हटले आहे, आणि ‘कोणतेही’ या शब्दात व्हरांडा आणि बाल्कनी येतात. ३३ केव्हीपर्यंत उभे अंतर ३.७ मीटर लागते. आडवे अंतर ११ केव्हीपर्यंत १.२ मीटर आणि त्यापुढे ३३ केव्हीपर्यंत २ मीटर. त्याहून वरच्या दाबांना प्रत्येक जादा ३३ केव्हीला किंवा त्याच्या भागाला दोन्ही अंतरांत ०.३ मीटरची भर घालायची. हिशेब केला की १३२ केव्हीला उभे ४.६ व आडवे २.९ मीटर, २२० केव्हीला ५.५ व ३.८ मीटर, आणि ४०० केव्हीला ७.३ व ५.६ मीटर निघतात.

हे आकडे वाचून पुष्कळ लोक सुखावतात आणि तिथेच फसतात. २२० केव्हीला आडवे ३.८ मीटर म्हणजे आज दुपारी शांत हवेत तार जिथे लटकते आहे तिथून ३.८ मीटर नव्हे. उभे अंतर मोजायचे ते तार सर्वाधिक झोळ खाऊन खाली आलेली असताना, आणि आडवे अंतर मोजायचे ते तार वाऱ्याने जास्तीत जास्त बाजूला झुकलेली असताना. एप्रिल-मेच्या दुपारी, वाहिनीवर भार जास्त असताना, तार तापून लांब होते आणि दोन मनोऱ्यांच्या मध्यावर ती डिसेंबरच्या पहाटेपेक्षा बरीच खाली येते. वळिवाच्या वादळात तीच तार मध्यावर कित्येक मीटर बाजूला झोका घेते. या सगळ्याची बेरीज गृहीत धरून वाहिनीखाली एक पट्टा मोकळा धरलेला असतो, ज्याला पारेषण कंपन्यांचे लोक ‘आरओडब्ल्यू’ (राइट ऑफ वे) म्हणतात. त्याची रूढ रुंदी ६६ केव्हीला १८ मीटर, ११० ला २२, १३२ ला २७, २२० ला ३५ आणि ४०० केव्हीला ४६ मीटर आहे. ती मधल्या रेषेपासून दोन्हीकडे निम्मी निम्मी मोजायची. पट्ट्यातल्या बांधकामाला कंपनी हरकत घेते, म्हणून प्लॉट घेणाऱ्याने ३.८ चा आकडा विसरून १७.५ चा लक्षात ठेवावा हे बरे.

माझ्या मामेभावाने पुण्याजवळ ४० बाय ६० फुटांचा प्लॉट पाहिला होता. समोर रस्ता, मागे हद्दीला समांतर जाणारी २२० केव्हीची वाहिनी. विकणाऱ्याने दिलेल्या रंगीत नकाशात वाहिनीची मधली रेषा मागच्या हद्दीपासून १३ मीटरवर दाखवली होती. म्हणजे पट्ट्याचे साडेचार मीटर, सुमारे १५ फूट, प्लॉटमध्ये येत होते. पुढे १० फूट आणि कडेला पाच-पाच फूट सोडले, तर बांधकामाला ३५ बाय ३० फूट, म्हणजे १,०५० चौरस फुटांचे जोते मिळत होते आणि ते त्याला पुरेसे वाटत होते. इसार देण्यापूर्वी एक खासगी सर्व्हेअर टोटल स्टेशन हे मोजणीचे यंत्र घेऊन गेला, आणि मधली रेषा प्रत्यक्षात हद्दीपासून ९ मीटरवर निघाली. साडेआठ मीटर, म्हणजे २८ फूट, पट्ट्यात. उरलेल्या ३२ फुटांतून पुढचे १० वजा केल्यावर जोते २२ बाय ३० वर, म्हणजे ६६० चौरस फुटांवर आले. भाव मात्र पूर्ण २,४०० चौरस फुटांचाच सांगितलेला होता. सर्व्हेअरने घेतलेले पैसे त्या प्लॉटच्या एका चौरस मीटरच्या किमतीपेक्षाही कमी होते.

मोजणी स्वतः करण्याचा मोह टाळावा. तारेपर्यंतची उंची पाहायला टेप, बांबू, लोखंडी पाइप किंवा ओली दोरी वर नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. अतिउच्चदाबाच्या बाबतीत तारेला स्पर्श व्हावाच लागतो असे नाही, पुरेसे जवळ गेले तरी ठिणगी उडी मारते. जमिनीवरची अंतरे टेपने घ्यावीत, उंची सर्व्हेअरच्या यंत्रावर सोपवावी. प्लॉट दोन मनोऱ्यांच्या मध्यावर येतो की एखाद्या मनोऱ्याजवळ, हेही टिपून ठेवावे. मनोऱ्याशेजारचा प्लॉट दिसायला वाईट दिसतो, पण तिथे तारा सर्वांत उंच आणि झोका सर्वांत कमी असतो. मध्यावरचा प्लॉट मोकळा आणि छान दिसतो, आणि तिथेच तार सर्वांत खाली येते.

इमारतीतला फ्लॅट असेल तर विचार मजल्याचा करावा लागतो. अतिउच्चदाब वाहिनीच्या तारा साधारण तिसऱ्या मजल्यापासून दहाव्या मजल्याच्या उंचीपर्यंत कुठेही असू शकतात, त्यामुळे ‘वरचा मजला घ्या, तारांपासून लांब’ हा सल्ला पुष्कळदा उलटा असतो. बाल्कनीत उभे राहून तार डोळ्यांच्या पातळीवर दिसत असेल, तर त्या इमारतीतला सर्वांत जवळचा फ्लॅट तुम्ही पाहत आहात.

जाता जाता एक गोष्ट: मोठ्या मनोऱ्यांना सगळे घाबरतात, परंतु गल्लीतल्या ११ किंवा २२ केव्हीच्या उघड्या तारांकडे कोणी पाहत नाही. जुन्या बैठ्या घरावर मजला चढवला, बाल्कनी दोन फूट पुढे काढली, आणि तार हाताच्या टप्प्यात आली, असे प्रकार दाट वस्तीत पावलोपावली दिसतात. स्लॅबसाठी सळई वर ओढताना गवंड्यांना आणि पतंग काढायला गेलेल्या मुलांना शॉक लागतो तो बहुधा याच तारांचा. तुम्ही घेत असलेले घर तारेनंतर वाढवलेले असेल, तर तो वाढीव भाग मंजूर नकाशात आहे का, हे आधी पाहावे.

कागद

वाहिनी जमिनीवरून गेली म्हणून जमीन कंपनीच्या मालकीची होत नाही. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६४ खाली पारेषण कंपनीला १८८५ च्या तार अधिनियमातले अधिकार देता येतात, आणि त्या जुन्या कायद्यानुसार तिला मिळतो तो फक्त वापराचा हक्क. मालकी शेतकऱ्याकडेच राहते. याचा परिणाम असा की सातबारा स्वच्छ दिसतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात वाहिनीची नोंद कधी असते, पुष्कळदा नसते, आणि नसली म्हणून वाहिनीचा हक्क कमी होत नाही. वकिलाने दिलेला शोध अहवाल निर्वेध असतानाही निम्म्या प्लॉटवर घर बांधता येत नाही, हे असे घडते.

म्हणून पाहायचे कागद वेगळे आहेत. पहिला म्हणजे मंजूर लेआउट, शिक्क्यासह; विक्रीसाठी छापलेला रंगीत नकाशा नव्हे. त्यावर वाहिनी, तिचा दाब आणि पट्ट्याची रुंदी दाखवलेली असली पाहिजे. दाखवलेली नसेल आणि डोक्यावर तार दिसत असेल, तर नकाशा मंजूर झाल्यावर वाहिनी आली असेल किंवा नकाशात ती लपवली असेल. दोन्हींचा खुलासा लेखी मागावा. दुसरा कागद भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची ‘क’ प्रत. मोजणीच्या वेळी मनोऱ्यांची आणि तारांच्या रेषेची जागा नकाशावर घ्यायला सांगावी, म्हणजे हद्द आणि वाहिनी यांचे नाते एकाच कागदावर येते. तिसरा, विकास योजनेचा झोन दाखला आणि भाग नकाशा. चौथा आणि सर्वांत उपयोगी, पारेषण कंपनीचे पत्र.

हे पत्र मिळवण्यासाठी महापारेषणच्या वाहिनीबाबत त्या भागातल्या अति उच्चदाब संचालन व सुव्यवस्था विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे अर्ज करावा. अर्जात गाव, गट क्रमांक, वाहिनीचे नाव, दोन्ही मनोऱ्यांचे क्रमांक द्यावेत, मोजणीचा नकाशा जोडावा आणि तीन प्रश्न नेमके विचारावेत: या गटातून वाहिनीचा किती रुंदीचा पट्टा जातो, प्रस्तावित बांधकाम त्या पट्ट्याबाहेर आहे का, आणि वाहिनीची क्षमता वाढवण्याचा, दुसरा परिपथ ओढण्याचा किंवा मार्ग बदलण्याचा प्रस्ताव आहे का. विकणाऱ्याच्या सहीने अर्ज गेला तर काम लवकर होते. उत्तर येईना, तर माहितीच्या अधिकारात तेच प्रश्न विचारता येतात.

इमारत प्रकल्प महारेराकडे नोंदवलेला असेल, तर संकेतस्थळावर मंजूर नकाशे आणि जमिनीवरील बोज्यांची माहिती पाहायला मिळते. तिथला नकाशा आणि विक्री कार्यालयातला नकाशा शेजारी ठेवून पाहावेत. बागेची किंवा मुलांच्या खेळाची जागा नेमकी तारांखाली काढलेली पुष्कळदा सापडते, कारण तिथे दुसरे काही बांधता येत नाही. जाहिरातीतल्या चित्रात वाहिनीच नसेल, तर ते पत्रक जपून ठेवावे. रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते किंवा व्याजासह पैसे परत घेऊन बाहेर पडता येते.

‘लाइन लवकरच भूमिगत होणार आहे’ हे वाक्य तर इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे आता हसू येते. वाहिनी हलवणे, तिच्यासाठी एकखांबी मनोरे बसवणे किंवा ती केबलने जमिनीखालून नेणे शक्य असते, परंतु ती मागणी ज्याची त्याचा खर्च असा शिरस्ता आहे, आणि अतिउच्चदाबाची केबल उघड्या वाहिनीच्या कित्येक पट महाग पडते. बिल्डरकडे कंपनीने मंजूर केलेले अंदाजपत्रक आणि पैसे भरल्याची पावती आहे का, एवढेच विचारावे. ती नसेल तर वाहिनी आहे तिथेच राहणार असे धरून भाव ठरवावा.

गुंठेवारीतले, तोंडी हद्दीचे, नोटरीवर विकले जाणारे प्लॉट वाहिनीखालीच सर्वांत जास्त असतात. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही: घेऊ नयेत.

आरोग्याचा प्रश्न

तारेभोवती दोन क्षेत्रे असतात. विद्युत क्षेत्र दाबावर अवलंबून असते आणि भिंती, झाडे, छप्पर त्याला बऱ्याच अंशी अडवतात. चुंबकीय क्षेत्र वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असते, आणि विटांची भिंत त्याला अडवत नाही. चर्चा आहे ती मुख्यतः या दुसऱ्याबद्दल. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रांना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या २ब गटात ठेवले. त्यामागे बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावरील अभ्यास होते: सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा (हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) जास्त क्षेत्रात दीर्घकाळ राहणाऱ्या मुलांत हा मुळात दुर्मीळ आजार सुमारे दुप्पट आढळला. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि तो कार्यकारणसंबंध सिद्ध करण्याइतका भक्कम नसल्याचे म्हटले. प्रौढांच्या इतर आजारांबाबतचा पुरावा याहून दुबळा आहे. सर्वसामान्य लोकांसाठी आयसीएनआयआरपी या किरणोत्सारापासूनच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची २०१० ची मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे, पण ती तात्काळ होणाऱ्या परिणामांसाठी आहे. विक्रेता ‘मर्यादेच्या कितीतरी खाली आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, फक्त वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत असतो.

यातून निर्णय काढायचा तर मोजून काढावा. मोबाइलमधले ‘मॅग्नेटोमीटर’ अॅप यासाठी निरुपयोगी आहे. ते मुख्यतः पृथ्वीचे स्थिर चुंबकीय क्षेत्र दाखवते, जे आपल्याकडे सुमारे ४० मायक्रोटेस्ला असते, आणि तो आकडा पाहून माणूस उगाच घाबरतो. ५० हर्ट्झचे प्रत्यावर्ती क्षेत्र मोजणारा गॉसमीटर लागतो. त्यावर बहुधा मिलिगॉस हे एकक असते. १० मिलिगॉस म्हणजे १ मायक्रोटेस्ला. घराचा मेन स्विच बंद करून एकदा आणि चालू ठेवून एकदा, झोपण्याच्या खोल्यांत उशीच्या उंचीवर मोजावे. भार दिवसभरात बदलतो, म्हणून सकाळी, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, आणि शक्य तर उन्हाळ्यात, अशी वेगवेगळ्या वेळची मोजमापे घ्यावीत. तारांच्या थेट खाली काही मायक्रोटेस्ला दिसले तरी अंतर वाढते तसा आकडा झपाट्याने उतरतो, आणि मोठ्या वाहिनीपासूनही शंभर-दोनशे मीटरवर तो सामान्य घरातल्या पातळीवर येतो.

मेन बंद केल्यावर आकडा पडला, तर दोष तारांचा नसून घरातल्या वायरिंगचा आहे. एका परिचितांच्या फ्लॅटमध्ये लांबवरच्या मनोऱ्याची धास्ती घेऊन मोजायला गेलो, तर सर्वांत मोठा आकडा मुलीच्या पलंगाच्या डोक्याशी मिळाला. भिंतीपलीकडे इमारतीची मीटरखोली होती. पलंग दुसऱ्या भिंतीला लावला आणि प्रश्न मिटला. तळमजल्यावर रोहित्राची खोली असलेल्या इमारतीत तिच्या थेट वरचा फ्लॅट घेतानाही हेच पाहावे.

माझे स्वतःचे मत असे आहे की पट्ट्याच्या बाहेर, मोजून ०.३ च्या खाली आकडा असलेल्या घरात लहान मुलांसह राहायला मी कचरणार नाही. त्याहून जास्त आकडा असेल आणि दुसरा पर्याय परवडत असेल, तर दुसरा पर्याय घेईन. पण घरातल्या एखाद्याला तारांची कायमची धास्ती वाटत राहणार असेल, तर आकडा कितीही चांगला असो, ते घर घेऊ नये.

पावसात एकदा जाऊन यावे

जागा बहुतेक वेळा रविवारी सकाळी, लख्ख उन्हात दाखवली जाते. अतिउच्चदाब वाहिनी त्या वेळी गप्प असते. पावसाच्या भुरभुरीत किंवा धुक्याच्या पहाटे तीच वाहिनी चरचरते, तळणीत ओली मिरची पडल्यासारखी, आणि तिचा एकसुरी गुंजारव रात्रीच्या शांततेत खिडकी लावली तरी ऐकू येतो. कोकणात समुद्राजवळ इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, तिथे हा आवाज जास्त असतो. म्हणून एखाद्या पावसाळी रात्री दहानंतर, गाडीचे इंजिन बंद करून, पंधरा मिनिटे तिथे उभे राहून यावे. शेजाऱ्यांशी बोलायलाही तीच वेळ बरी, कारण विषय आपोआप निघतो.

त्यांना विचारण्यासारखे बरेच असते. पत्र्याच्या शेडला किंवा कपडे वाळत घालायच्या तारेला हात लावल्यावर मुंग्या येतात का? वाहिनीखालच्या लांब धातूच्या वस्तूंवर प्रवर्तनाने विद्युतभार साठतो. पत्रा, तारेचे कुंपण, लोखंडी फाटक यांना नीट अर्थिंग केले की तो त्रास जातो, पण अर्थिंग करायचे हे कोणीतरी सांगावे लागते. वाहिनीची पाहणी करणारे कर्मचारी येतात का, झाडे तोडतात का? तोडतातच, आणि तो त्यांचा अधिकार आहे. मागच्या अंगणात दोन नारळ आणि एक हापूस हे ज्याचे स्वप्न आहे, त्याने वाहिनीखालचा प्लॉट घेऊ नये; तिथे लिंबू, कढीपत्ता, फुलझाडे, भाजीपाला एवढेच निभते.

किंमत, कर्ज आणि करारनामा

पट्ट्याखालच्या जमिनीचे मूल्य घटते हे सरकारनेच मान्य केलेले आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालील जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के भरपाई सुचवली होती. जून २०२४ च्या सूचनांत ती अनुक्रमे २०० आणि ३० टक्क्यांवर नेली. ही भरपाई वाहिनी उभारताना ज्याची जमीन होती त्याला मिळते, नंतर विकत घेणाऱ्याला नाही. म्हणून विक्रेत्याला भरपाई मिळाली का हे विचारावे आणि पंचनाम्याची प्रत मागावी; त्यात पट्ट्याचे क्षेत्र लिहिलेले असते, आणि भाव करताना त्याहून चांगला कागद नाही. माझा हिशेब सरळ असतो: पट्ट्याबाहेरच्या क्षेत्राला आसपासचा भाव, पट्ट्यातल्या क्षेत्राला त्याचा फार तर तिसरा हिस्सा, कारण तिथे तुम्ही चालू शकता, भाजी लावू शकता, आणि त्यापलीकडे काही नाही. आसपासचा भाव नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक २ वरून, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखतांच्या गोषवाऱ्यावरून काढावा, एजंटच्या तोंडून नव्हे.

गृहकर्ज लागणार असेल, तर इसार देण्यापूर्वी बँकेच्या मूल्यांकनकाराला जागा दाखवावी. काही बँका वाहिनीखालच्या मालमत्तेला कर्ज देत नाहीत, काही मूल्यांकन कमी धरतात. तुम्हाला कर्ज नाकारले गेले, तर दहा वर्षांनी तुमच्याकडून घेणाऱ्यालाही ते नाकारले जाईल, आणि रोखीने घेणारे गिऱ्हाईक भाव पाडूनच घेते.

करारनाम्यात वाहिनीचा उल्लेख विक्रेता टाळतो आणि घेणाराही संकोचाने टाळतो. तो करावाच. वाहिनीचे नाव व दाब, मधल्या रेषेपासून हद्दीपर्यंतचे मोजलेले अंतर, पट्ट्यात येणारे क्षेत्र चौरस मीटरमध्ये, आणि पारेषण कंपनीच्या पत्राचा क्रमांक व दिनांक हे परिशिष्टात लिहावे. कंपनीने किंवा नियोजन प्राधिकरणाने वाहिनीच्या कारणावरून बांधकाम परवानगी नाकारली, तर इसाराची रक्कम ठरावीक दिवसांत परत मिळेल, अशी अट घालावी. मामेभावाने ही अट घालण्याचा आग्रह धरला तेव्हा विकणारा दोन आठवडे फोनवर आला नाही. नंतर आला तो प्लॉटचा भाव एक तृतीयांशाने उतरवून. तोवर भावाने त्याच गावात, वाहिनीपासून चार रांगा अलीकडे, दुसरा प्लॉट घेतला होता. त्याच्यावर आता ९०० चौरस फुटांचे जोते उभे आहे, आणि मागच्या कोपऱ्यात नारळ लावला आहे.